खाणीत उतरलेला मजूरमंत्री



परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे. मुलांना त्यांच्याविषयी विचारले तर ती महाडचे चवदार तळे सांगतात, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सांगतात, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी सांगतात. हे त्यांना पाठ असते आणि ते असलेच पाहिजे. पण बाबासाहेब कोळशाच्या खाणीत का उतरले होते, असे विचारले की मुले गप्प होतात. पुष्कळदा त्यांचे आईवडीलही गप्प होतात.

मी भंडारा जिल्ह्यातला एक शिक्षक आहे. आपल्या जिल्ह्यात कुणाचा बाप मँगनीजच्या खाणीत जातो, कुणी कारखान्यात जातो, कुणाची आई दारात सूप घेऊन बिड्या वळते. या घरांच्या पोटापाण्याशी बाबासाहेबांच्या चरित्राचा जो भाग सर्वांत जवळून जोडलेला आहे, तोच आपल्याला सर्वांत कमी माहीत आहे. म्हणून आज तोच भाग तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. वाचून झाल्यावर तो घरातील न वाचणाऱ्या माणसांनाही सांगा.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात शिक्षक होते. पुढे हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. परळ म्हणजे गिरण्यांची वस्ती. पहाटेचा भोंगा, खांद्यावर टॉवेल टाकून धावणारी माणसे, संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन परतणारी माणसे, हे सर्व त्या विद्यार्थ्याने लहान वयात पाहिले. १९१२ साली बी. ए. होऊन ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेले. पुढे लंडनला जाऊन अर्थशास्त्राची सर्वोच्च पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन परत आले. परत आल्यावरही ते बरीच वर्षे परळच्याच सुधार ट्रस्टच्या चाळीत राहिले. एवढा मोठा विद्वान, पण शेजारी सगळे गिरणी कामगार. कामगाराचे दुःख त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही. ते त्यांच्या जिन्यावरून रोज खाली-वर करीत होते.

त्या काळच्या गिरण्यांतील एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. आपले लोक गिरणीत रिंग खात्यात काम करीत. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तेथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण ऐकून आश्चर्य वाटेल. मागाच्या धोट्यातील सूत संपले की नवी कांडी घालावी लागे आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत.

आता विचार करा. एकाच धोट्याला दिवसभर अनेकांनी तोंड लावावयाचे, प्रत्येक वेळी कापसाची धूळ छातीत ओढावयाची, एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जावयाची. क्षयरोग पसरावयाला याहून चांगली व्यवस्था कोणती? ही पद्धत मुळातच सर्वांच्या प्रकृतीला घातक होती. पण रोगाची भीती कुणाला वाटली नाही, विटाळाची वाटली. १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांची एकी हवी असेल तर विणकाम खात्याचे दार आमच्या लोकांना उघडे झाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप घडवून आणला.

येथे आपल्या भागातील एका माणसाचे स्मरण केले पाहिजे. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांचे नाव तुम्ही जाणता, कारण आपण एकमेकांना जो जयभीम घालतो तो त्यांनी रूढ केला. पण ते विडी कामगारांचे संघटक होते हे किती जणांना ठाऊक आहे? १९०४ साली जन्मलेल्या या तरुणाने बिडी वळणाऱ्या गरीब माणसांना एकत्र केले, स्वतंत्र मजूर पक्षाचे काम केले आणि १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेला. जानेवारी १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिशीतच, क्षयाने त्यांचा अंत झाला. भंडारा-गोंदियाच्या बिडी कामगाराला आपलाही कुणी पुढारी असू शकतो हे कळले ते अशा माणसांमुळे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. सरकारला कोळसा हवा होता, दारूगोळा हवा होता, कापड हवे होते. मजुराच्या जिवाचा विचार करावयास कुणाला सवड नव्हती. अशा वेळी हे खाते त्यांच्याकडे आले.

त्यांच्या हाती काय आले होते, हे समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. तो फक्त मोठ्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता आणि सात वर्षांच्या पोराला कामावर ठेवावयास त्याची आडकाठी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या काळात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना आठवड्याची सुटी मिळवून दिली. खाणींचा पहिला कायदा १९०१ चा, आणि खाणींची तपासणी करणारी कचेरी १९०२ ची. म्हणजे कायदे अगदीच नव्हते असे नाही. पण ज्या ठिकाणी तपासनीस पोचत नाही, तेथे कायदा कागदावरच राहतो. तपासनीस थोडे, कारखाने हजारो, खाणी रानावनात. वर्षातून एकदा साहेब यावयाचा, तोही आधी वर्दी देऊन. त्या दिवशी सर्व झाडून-पुसून ठेवावयाचे, साहेब गेला की पुन्हा तेच.

बाबासाहेबांनी काय केले? डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळसा खाणी पाहण्यास गेले आणि जमिनीच्या पोटात उतरले. कोळसा कसा फोडतात, कसा वाहतात, ते त्यांनी जागेवर पाहिले. वर आल्यावर मजुरांच्या राहत्या खोल्या पाहिल्या. कागद वाचून सही करणारे मंत्री पुष्कळ होते. ज्याच्यासाठी कायदा करावयाचा त्याच्या कामाच्या जागी जाऊन पाहणारा मंत्री विरळा. खाणीच्या छताला लाकडाचे टेकू पुरेसे आहेत की नाहीत, हवा खेळते की नाही, पाणी साचते की नाही, हे वरून कळत नाही. त्यासाठी खालीच जावे लागते. तपासणीचे सारे मर्म यात आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर टनामागे पट्टी बसवून त्या पैशातून मजुरांसाठी दवाखाने, घरे, पाणी, शिक्षण यांची सोय करावयाची, अशी ती योजना होती. खाणींच्या कायद्यात दुरुस्त्या होऊन आईबरोबर आलेल्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर आणि काम संपल्यावर अंग धुण्यासाठी स्नानगृह यांची तरतूद झाली. जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीची मुदत वाढविण्यात आली.

येथे एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणे योग्य नव्हे. स्त्रियांना खाणीच्या पोटात कामाला लावू नये असा नियम युद्धाच्या आधी झाला होता. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ साली सरकारने तो नियम सैल केला, आणि त्या वेळी मजूरमंत्री बाबासाहेबच होते. सर्वप्रथम ही सूट मिळाली ती आपल्या मध्यप्रांतातील खाणींना. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली. बाबासाहेबांनी तेथे उभे राहून उत्तर दिले. ही तात्पुरती अडचण आहे, नियम कायमचा गेलेला नाही, आणि खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. युद्ध संपल्यावर १ फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली, आणि तेव्हाही खाते त्यांच्याकडेच होते.

आपल्या महापुरुषाच्या चरित्रात असा कठीण प्रसंग आला की काही जण तो गाळून टाकतात. मला ते पटत नाही. सत्तेत बसलेल्या प्रामाणिक माणसालाही कधी कधी नको ते करावे लागते. त्या वेळी तो ते झाकतो की जबाबदारी घेतो, आणि अडचण संपताच वचन पाळतो की विसरतो, यावरून त्याची परीक्षा होते. या परीक्षेत बाबासाहेब उतरले.

कारखान्यांच्या बाबतीतही असेच मोठे काम झाले. १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवसांची पगारी सुटी मिळू लागली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आले, आणि दिवसाचे दहावरून नऊवर. ही दुरुस्ती १ ऑगस्ट १९४६ पासून अमलात आली. तास कमी होणे म्हणजे केवळ विश्रांती नव्हे. थकलेल्या माणसाचा हात यंत्रात जातो. तास कमी करणे हा अपघात टाळण्याचाही उपाय आहे.

पण कायदा करून बाबासाहेब थांबले नाहीत. कायदा पाळला जातो की नाही हे पाहणारी माणसे त्यांना हवी होती. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली केंद्र सरकारात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराची कचेरी उघडली. प्रांतोप्रांतीच्या कारखाना तपासनीसांना सुरक्षिततेचे शास्त्र सांगणे, त्यांना सल्ला देणे हे तिचे काम. त्याच वर्षी मुख्य मजूर आयुक्तांची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली आणि तिच्या हाताखाली मजूर तपासनीस आले. त्याआधी १९४४ साली डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या परिस्थितीची चौकशी करणारी समिती नेमण्यात आली होती. तिने धंद्याधंद्यात जाऊन पाहणी केली. त्यात मँगनीजच्या खाणी होत्या आणि बिडीचा धंदाही होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे दोन्ही धंदे त्या चौकशीत आले.

मालक, मजूर आणि सरकार या तिघांनी एका टेबलाभोवती बसून मजुरांचे प्रश्न बोलावेत ही पद्धतही ऑगस्ट १९४२ पासून, त्यांच्या मंत्रिपदाच्या आरंभापासून पडली. जून १९४६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९४८ साली नवा कारखाने कायदा आणि राज्य विमा कायदा झाला तेव्हा खाते दुसऱ्यांकडे होते. पण पाया आधीच घातला गेला होता.

पुढे घटना लिहिण्याचे काम आले आणि तेथेही हा धागा तुटला नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येणार नाही, हे चोविसाव्या कलमात आले. कामगार स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा दुरुपयोग होऊ नये हे एकोणचाळिसाव्यात, आणि कामाची माणुसकीची परिस्थिती व बाळंतपणाची सवलत बेचाळिसाव्यात आली. खाणीतील सुरक्षितता केंद्राच्या यादीत गेली आणि कारखाने केंद्र व राज्य या दोघांच्या सामाईक यादीत. म्हणूनच आजही आपल्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीत तपासणीस येणारा अधिकारी केंद्राचा असतो, आणि साध्या कारखान्यात येणारा राज्याचा. तक्रार कुणाकडे करावयाची हे ठरविताना हा फरक ध्यानात ठेवा. चुकीच्या दारावर थाप मारून पुष्कळ अर्ज वाया जातात.

१९५४ साली बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात आले. भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते राखीव जागेसाठी उभे होते. त्या वेळी भंडारा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि गोंदियाही भंडाऱ्यातच होते. प्रकृती थकली होती. तरीही त्यांनी सभा घेतल्या. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब पडले. ज्याने खाणीतल्या मजुराला पाळणाघर, स्नानगृह आणि दवाखाना दिला, त्याला खाणींच्या या जिल्ह्याने लोकसभेत पाठविले नाही. हे आपल्या जिल्ह्याच्या नावावर लिहिले गेले आहे. त्यांनी आपल्यासाठी काय केले हे त्या वेळी लोकांना ठाऊक असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी लाखोंना धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता बिडीची गोष्ट ऐका, म्हणजे कायदा आणि तपासणी यांतले अंतर कळेल. बिडी कारखान्यात यंत्र नसते, म्हणून जुना कारखाने कायदा त्यांना लागू होत नसे. मध्यप्रांत सरकारने १९३७ साली अशा कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तेथे तो लागू होता. १९३८ च्या मुलांच्या कायद्याने बिडी कारखान्यात बारा वर्षांखालील मुलांना बंदी आली, पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट राहिली. मालकांनी ती सूट नेमकी हेरली. १९४८ च्या कायद्यानंतर तर मोठे कारखाने मोडून सट्टेदारांमार्फत तेंदूपत्ता आणि जर्दा घरोघर वाटण्याची रीत वाढली. कारखानाच राहिला नाही, तर तपासनीस तपासणार काय? १९६६ साली बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि घरी काम करणाऱ्यालाही कामगार मानले गेले. पण घराच्या ओसरीवरची जर्द्याची धूळ, वाकलेली पाठ, छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची कापलेली मजुरी, हे पाहावयास कोण येते?

माझी आई लहानपणी एका बिडी कारखान्यात जात असे. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. कधीमधी इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की मुनीम सर्व पोरींना मागच्या दाराने तळ्याकडे पिटाळी. एकदा वेळ मिळाला नाही. साहेबाने आईला वय विचारले. तिचे वय दहा. मुनीम मागे उभा होता. तिने सांगितले की मी काम करीत नाही, मोठ्या बहिणीचा डबा घेऊन आले आहे. बोटे तंबाखूने पिवळी झालेली होती. साहेबाने बोटांकडे पाहिले, वहीत काही लिहिले नाही आणि निघून गेला. त्या आठवड्यात मुनिमाने तिची छाट कमी काढली. आई हे सांगते तेव्हा हसते. पण नंतर तिला खोकल्याची उबळ येते आणि हसणे तेथेच थांबते.

या प्रसंगात दोष कुणाचा? दहा वर्षांच्या पोरीचा नव्हे. तिला घरी चूल पेटवावयाची होती. मालकाचा आणि मुनिमाचा दोष उघड आहे. पण त्या साहेबाचाही दोष आहे. डोळ्यांनी पाहिलेले त्याने वहीत उतरविले नाही. बाबासाहेब खाणीत उतरले ते पाहण्यासाठी, आणि पाहिले त्याचा कायदा केला. हा साहेब कारखान्यात आला, त्यानेही पाहिले, आणि पाहिले न पाहिले केले.

आणि आता आपल्याकडे वळून पाहू. आपण पंचशील घेतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. बावीस प्रतिज्ञांतही ती प्रतिज्ञा आहे. वंदना म्हणताना हे शील सोपे वाटते. पण मालक मागे उभा असताना तपासनीसाने विचारले की, हातमोजे मिळतात काय, तोंडाला बांधावयास फडके मिळते काय, यंत्राभोवती कठडा असतो काय, तेव्हा होय म्हणणारी जीभ आपलीच असते. त्या एका होकाराने उद्या शेजारच्या कामगाराची बोटे जातात. ते खोटे मालकाच्या भीतीने बोललेले असते हे मी जाणतो. भाकरी ज्याच्या हाती त्याच्यासमोर खरे बोलणे सोपे नाही, आणि एकट्याने बोलण्याचा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. एकट्याला कामावरून काढता येते. पण खात्यातील वीस जणांनी एकच खरे सांगितले तर वीस जणांना काढता येत नाही. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हणून सांगितले त्याचा अर्थ केवळ मोर्चा नव्हे; तपासणीच्या दिवशी एका तोंडाने खरे बोलणे हाही आहे.

कायद्यानेही यात थोडा आधार दिला आहे. श्रम तपासणीविषयी १९४७ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९४९ साली भारताने तो मान्य केला. तक्रार कुणी केली हे तपासनीसाने गुप्त ठेवले पाहिजे, असे त्या कराराचे बंधन आहे. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन त्यात आले, आणि जिवाला तत्काळ धोका दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या आणि तपासनीसाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

आता हे जुने कायदे एकत्र करून सुरक्षिततेची नवी संहिता २०२० साली संसदेने मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तीत यंत्रावर चालणारा कारखाना म्हणजे दहाऐवजी वीस कामगारांचा, आणि यंत्राविना चालणारा म्हणजे विसाऐवजी चाळीस कामगारांचा, असे ठरले आहे. म्हणजे लहान कारखाने कारखान्याच्या व्याख्येबाहेर गेले. तपासनीस आता मालकाला सल्ला व सोयही पुरविणारा मानला जातो. यात चांगले काय, वाईट काय, हे जाणत्यांकडून समजून घ्या. पण आपल्या कामाच्या जागी किती माणसे आहेत आणि हजेरीपटावर किती दाखविली आहेत, हे मोजण्यास कुणा पंडिताची गरज नाही. हा आकडा आता पूर्वीहून महत्त्वाचा झाला आहे.

हे सारे दूरचे वाटत असेल तर २४ जानेवारी २०२५ हा दिवस आठवा. त्या सकाळी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ जण घरी परतले नाहीत. मँगनीजची धूळ असा आवाज करीत नाही. ती वर्षानुवर्षे श्वासातून जाते, मेंदूला बाधते, मग हात थरथरू लागतात, चाल ताठ होते, आणि घरची माणसे म्हणतात की म्हातारपण आले. दगडाची धूळ छातीत बसते, तिला आपण दमा म्हणतो. आवाज झाला तर वर्तमानपत्र येते. आवाज न करता मरणाऱ्यासाठी तपासणीवाचून दुसरे कोण आहे?

काही जण विचारतील, धम्माच्या पत्रात हे कशाला? तर त्यांनी सिगालोवाद सुत्त वाचावे. भगवान बुद्धांनी तेथे तरुण सिगालाला गृहस्थाची कर्तव्ये समजाविली आहेत. मालकाने नोकराशी कसे वागावे, हेही त्यांत आहे. काम त्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, घरात काही विशेष गोड झाले तर त्याला वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश पाहा आणि १९४५-४६ च्या कायद्यातील पगारी सुटी, कामाचे तास, दवाखाना आणि पाळणाघर पाहा. मजूरमंत्री बाबासाहेब आणि दीक्षाभूमीवरचे बोधिसत्त्व बाबासाहेब हे दोन वेगळे पुरुष नाहीत. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते, हे मानणारा माणूस खाणीत उतरून दुःखाचे कारण शोधणारच.

म्हणून या पंधरवड्यात एवढे करा. कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जागेचा तपासनीस कोण, त्याची कचेरी कोठे, हे विचारून घ्यावे आणि बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे. गेल्या वर्षात वस्तीतील कुणाला कामावर इजा झाली, कुणाला धुळीचा त्रास जडला, याची एक वही विहारात ठेवावी. शिकलेल्या मुलामुलींनी ती लिहावी. बिडी वळणाऱ्या आयाबहिणींनी ओळखपत्र नसेल तर ते मागावे. ज्या मुलाची बोटे तंबाखूने पिवळी दिसतील त्याला शाळेत घेऊन यावे. त्याला कुणी वय विचारले, तर ते खरे सांगण्याची भीती त्याला वाटू नये, अशी व्यवस्था आपण मोठ्यांनी करावी.

जयभीम. सर्वांचे मंगल होवो.